खारवेळला हाताने कुणी बोलवत नाही

मघाशी तुम्ही टपरीवरच्या परशूला हात हलवून 'इकडे ये' अशी खूण केलीत आणि तो जागचा हलला नाही. त्याला शिष्ट समजू नका. या गावात कुणी कुणाला हाताने बोलवत नाही. आम्ही हाक मारतो, नाहीतर सरळ उठून त्या माणसापर्यंत जातो. लग्नात पंगत मांडली की यजमान एकेका पाहुण्याकडे चालत जातो, त्याचा हात धरतो आणि पानावर आणून बसवतो. एसटीला हात करतो, पण तो थांबवायला. नव्या सुनेला माहेरची सवय असते, तिचा हात पहिल्यांदा आपोआप वर जातो. मग सासू तो हलकेच खाली घेते आणि ही गोष्ट सांगते.

समोर टोकावर काळा कातळ दिसतोय, त्याला हाताचा कातळ म्हणतात. त्यावर पंजाचा खळगा आहे, त्यात हळदकुंकू असतं, आणि शेजारी देवस्थान कमिटीने पाटी लावली आहे: 'सती आवडूमातेने गावाच्या रक्षणासाठी आपला उजवा हात सागरास अर्पण केला.' तुम्ही त्या खळग्यात पंजा ठेवून, दुसऱ्या हाताचा अंगठा वर करून फोटो काढाल. सगळेच काढतात. आमच्या आजीच्या काळी कुणाला असा अंगठा दाखवला असता तर ठेंगा दाखवला म्हणून भांडण जुंपलं असतं, पण ते सोडा. पंजा जरा जवळून पाहा. छिन्नीचे घाव दिसतील. तो माझ्या आजोबांच्या वेळी पाथरवट बसवून कोरून घेतला. आणि आवडूने हात अर्पण केला नाही. तिचा हात तोडला.

मी सुगंधा तांडेल. आवडू आमच्या घरातली; तिच्या मुलीच्या वंशात मी सून म्हणून आले, गावातल्या गावातच. कमिटीचा सेवक तुम्हाला वेगळी गोष्ट सांगेल आणि वर पावती फाडेल. माझ्या घरात जी सांगतात ती मी सांगते. किती जुनी ते विचारू नका. कुणी शिवकाळ म्हणतो, कुणी पेशवाई, आणि दोघांनाही ठाऊक नसतं.

असं सांगतात, की तेव्हा ही खाडी आजच्यासारखी गाळाने भरलेली नव्हती. अरबांची गलबतं खजूर घेऊन येत, मलबारी माणसं काथ्या आणि मिरी आणत, गुजरातेतून कापड येई. कुणाची भाषा कुणाला येत नसे. तरी सगळं नीट चाले, कारण बंदरावरचा माणूस हातांनी बोले. अरब पाची बोटांची चिमूट वर धरून हलवी, तेव्हा तो जेवायला मागत नाही, 'जरा दमाने घ्या' म्हणतो, हे इथल्या पोरासोरांनाही कळे. मलबारी मान डावी-उजवीकडे कलवी, तो नकार नसून होकार असतो, हे एकदा भांडण होऊन कळलं आणि मग कुणी विसरलं नाही.

खाडीच्या तोंडाशी दोन वाटा आहेत. एक या टोकाच्या अगदी पोटाखालून जाते. ती अरुंद दिसते, पण खोल आहे. दुसरी पलीकडची, चांगली ऐसपैस, पण तिच्या पाण्याखाली खडप, म्हणजे खडकांचा पट्टा, पसरलेलं आहे. नवखं जहाज हमखास रुंद वाटेकडे वळतं. म्हणून या कातळावर उभं राहून जहाजाला आपल्याकडे बोलवायचं काम आमच्या घराण्याकडे होतं. अशा वाटाड्याला आरकाटी म्हणत. आवडूचा बाप आरकाटी होता. त्याला मुलगा नव्हता, आणि आवडूचा नवरा दर्यातच राहिला, म्हणून बापामागे ती कातळावर उभी राहू लागली. वाऱ्यात हाक पोचत नाही. ती खांद्यापासून सबंध हात उचलायची, तळवा खाली, बोटं आपल्याकडे ओढायची: या, माझ्याकडे या. तुम्ही मघाशी परशूला केलीत तीच खूण. अरब तशीच करतो, मलबारी तशीच, गुजरातीही तशीच. सगळा दर्या याच खुणेने 'ये' म्हणतो असं तिला वाटलं असेल, तर त्यात तिचं काय चुकलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

एका वर्षी पावसाळा उतरतीला लागला असताना दुपारच्या वेळी दक्षिणेचा वारा फिरला आणि टोपीकरांचं एक उंच जहाज आसरा शोधत खाडीच्या तोंडाशी आलं. इंग्रज म्हणा, वलंदेज म्हणा, आमच्या लोकांना सगळे टोपीकर सारखेच. या बंदराला ते आधी कधी लागले नव्हते. आवडू धावत कातळावर गेली आणि तिने हात उचलला. जहाजाने तिला पाहिलं. वरची माणसं तिच्याकडे बोट दाखवत होती, तिला ती दिसत होती. आणि जहाज तिच्यापासून दूर वळलं.

तिला वाटलं, नीट दिसलं नसेल. ती आणखी वरच्या दगडावर चढली, पदर कमरेला खोचला, आणखी जोराने बोलवू लागली. ती जितकं बोलवी तितकं जहाज पलीकडे सरके. शेवटी खडपाने त्याचं पोट फाडलं तेव्हाही तिचा हात वरच होता, असं म्हणतात.

गाव धावलं. सगळं गाव किनाऱ्यावर आलं, आणि इथे माझा आवाज चढतो, त्याला माझा इलाज नाही. गाव धावलं ते तांब्याच्या पत्र्यांकडे, कापडाच्या गठ्ठ्यांकडे, पिंपांकडे. गावच्या खोताचे गडी सर्वांत आधी पाण्यात उतरले आणि त्यांनी सर्वांत मोठे गठ्ठे ओढून काढले. माणसं लाटांत वरखाली होत होती, त्यांना कुणी हात दिला नाही. आवडू एकटी एका माणसाच्या केसांना धरून त्याला ओढत वाळूवर घेऊन आली. तेवढा एकच वाचला.

त्याला तिने घरी ठेवलं. तिने आपल्या छातीवर हात ठेवून 'आवडू' म्हटलं, तेव्हा त्यानेही छातीवर हात ठेवून 'यान' असं काहीसं म्हटलं. गावाने त्याचा यानू केला. ताप उतरून तो भिंतीला टेकून बसू लागला, तेव्हा आवडूने पेजेची वाटी आणि भाजलेला बांगडा मांडला आणि नेहमीसारखं हाताने त्याला बोलावलं. तो उठला, मान लववली आणि अंगणात निघून गेला. तिला वाटलं, लाजतो. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिने खूण केली की हा उपाशी माणूस अन्नाकडे बघत बघत बाहेर जायचा. तिला हसू आलं. तिने शेजारणीला बोलावून ही गंमत दाखवली. मग आवडूच्या लहान मुलीला कौतुक वाटून ती त्याच्याजवळ गेली, तर त्याने तिला आणखी जवळ बोलावलं: तळवा वर, आणि बोटं आपल्याकडे वळवलेली. आपल्याकडे असं मारामारीला बोलावतात. पण तो हसत होता आणि त्याच्या दुसऱ्या हातात मुलीसाठी केलेली लाकडाची होडी होती.

आवडूचं हसू तिथे थांबलं. ती अंगणात गेली, त्याच्यापासून लांब उभी राहिली आणि तळवा खाली करून तिने हात ओढला. तो दोन पावलं मागे सरला. तिने पुन्हा केलं, कातळावर करायची तसं खांद्यापासून. तो गोंधळून कुंपणापर्यंत मागे गेला. त्याच्या मागे समुद्र दिसत होता आणि खडपावर त्याच्या जहाजाची मोडकी डोलकाठी उभी होती. आवडू मटकन खाली बसली. तिने माणसांना मरणाच्या तोंडी हाकललं होतं, आणि तेही जीव तोडून, वाचवण्यासाठी. अशा वेळी माणसाचं काय होत असेल ते मला सांगता येत नाही. आमच्या घरात सांगतात, की तिने आपला उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि संध्याकाळपर्यंत वर काढला नाही.

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. कुणाला काय कळणार होतं? पण यानंतर टोपीकरांचं दुसरं जहाज येईल आणि तेही असंच फुटेल, हे तिला दिसत होतं. म्हणून देवळासमोर गाव जमलं असताना ती गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ते माझ्या हातान गेले. मी 'येवा' म्हटलंय, तेंका 'जावा' दिसला. तेंची खूण वेगळी आसा. ही सगळ्यांनी शिकून घेवक होयी."

खोतही तिथे होता. त्याने फक्त ऐकून ठेवलं.

दिवाळीच्या सुमारास टोपीकरांचं दुसरं जहाज आलं, तोफा घेऊन. त्यांचा कप्तान दुभाष्यासह उतरला. आमचं जहाज तुमच्या तोंडाशी कसं फुटलं आणि त्यातला माल कुठे गेला, हे त्याचे दोन प्रश्न. मालाचं उत्तर गावातल्या प्रत्येक माळ्यावर होतं, खोताच्या माळ्यावर सर्वांत जास्त. पहिल्या प्रश्नाचं उत्तर खोताकडे तयार होतं. तो म्हणाला, माल समुद्राने नेला, आणि जहाज या बाईने घालवलं. तिने स्वतः कबुली दिली आहे, सारं गाव साक्षीला आहे.

यानूला पुढे आणलं. दुभाष्याने त्याला विचारलं, या बाईने काय केलं ते करून दाखव. यानूने देवळाच्या पायरीवर उभं राहून तळवा खाली केला आणि हात आपल्याकडे ओढला. आता नीट ऐका. गर्दीच्या कडेला गोदू नावाची म्हातारी बसली होती, ठार बहिरी, हातांच्या खुणांवर जगणारी. यानूचा हात हलताना पाहिला, तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माणसांतून वाट काढत त्याच्याकडे चालू लागली. कारण त्याने तिला बोलावलं होतं.

हे सगळ्यांनी पाहिलं. यापेक्षा मोठी साक्ष कुठल्या दरबारात मिळाली असती? कप्तानानेही पाहिलं आणि दुभाष्याला विचारलं, ही बाई का आली? खोत म्हातारीवर खेकसला, "बस गो खाली." तिला ऐकू येत नव्हतं, ती यानूसमोर जाऊन 'काय रे बाबा?' अशी मान उडवून उभी राहिली. खोत दुभाष्याला म्हणाला, "खुळी आसा ती."

दुभाष्याने कप्तानाला तेवढंच सांगितलं. तो याच किनाऱ्यावर वाढलेला होता, त्याच्या आईने त्याला याच खुणेने जेवायला बोलावलं असणार. पण या खुणेचा अर्थ इथे 'ये' असा होतो, एवढं त्याने सांगितलं नाही. यानूला मात्र कळलं. त्याने म्हातारीकडे पाहिलं, आवडूकडे पाहिलं, आणि धावत जाऊन आवडूचा उजवा हात दोन्ही हातांनी धरून आपल्या कपाळाला लावला. तो त्याच्या भाषेत ओरडून काही सांगत होता. कप्तानाच्या माणसांनी त्याला ओढून नेलं. बुडालेल्या जहाजाच्या एका खलाशाचं कोण ऐकतो, त्यांच्यातही आणि आपल्यातही.

आणि गाव? गावाने माना खाली घातल्या. एकाही माणसाने तोंड उघडलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर माळे उघडावे लागले असते. खाली घातलेल्या मानेचा अर्थ सगळ्या मुलखांत एकच होतो. आवडूला तो कळला. तिने गयावया केली नाही असं पाटीवाले सांगतात. का नाही करणार? ती घरात लहान मूल असलेली बाई होती. ती ओरडली, रडली, नावं घेऊन एकेकाला हाका मारल्या. खोताच्या हुकमाने देवळाच्या त्याच पायरीवर तिचा हात तोडला. त्या पायरीवर आता चप्पल काढून चढा म्हणतात.

ती जगली. गोदू म्हातारीने पाला बांधून तिला जगवलं. गाव तिच्या दारात तांदूळ ठेवू लागलं, मासळीचा वाटा ठेवू लागलं. ती काही शिवली नाही, सगळं कावळ्यांनी खाल्लं. कातळावर मग कुणी उभं राहिलं नाही.

पुढच्या वैशाखात, होड्या ओढून ठेवायला काही दिवस उरले असताना, अवेळी वारा सुटला. गावच्या होड्या बाहेर होत्या. परतताना त्या तोंडाशी अडकल्या. वाळू त्या वर्षी सरकली होती, खोल वाट नेमकी कुठून ती फक्त कातळावरून दिसते, आणि तीही डोळा तयार असलेल्यालाच. खोताचा थोरला मुलगा त्यांतल्या एका होडीवर होता.

माणसं आवडूच्या घराखालच्या उतारावर गोळा झाली. घरापर्यंत जायचं धाडस कुणात नव्हतं. मग त्यांनी काय केलं असेल? हात उचलले आणि तिला हाताने बोलावू लागले. तळवे खाली, बोटं आपल्याकडे. सबंध गावाचे हात. आवडू उंबऱ्याशी आडाळीवर, म्हणजे विळीवर, मासे कापत बसली होती, डाव्या हाताने. तिने पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. या खुणेचा अर्थ 'जा' असा होतो, असं त्याच लोकांनी ठरवलं होतं.

शेवटी खोत पुढे होऊन पुन्हा हात हलवू लागला, तेव्हा ती म्हणाली, "हातान बोलवू नको. चलान ये."

तो चढून वर आला. दारात उभा राहून म्हणाला, "माझो झील थयसर आसा, आवडू."

तिने आडाळी बाजूला केली नाही. उंबऱ्याच्या दगडावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "उजवो हात हयसर ठेव."

खोताने आडाळीच्या पात्याकडे पाहिलं. खालून सारं गाव बघत होतं, आणि यावेळी कुणाला दुभाष्या लागला नाही. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने हात दगडावर ठेवला. आवडूने तो बराच वेळ तसाच राहू दिला. वारा चढत होता, होड्या नाचत होत्या, आणि ती त्याच्या हाताकडे बघत होती. मग तिने तो आपल्या डाव्या हातात घेतला, त्याच्याच आधाराने उठली आणि कातळाकडे निघाली. तिथे डाव्या हाताने तिने होड्या आत घेतल्या, शेवटची आत येईपर्यंत.

तिने कुणाला माफ केलं असं आमच्या घरात सांगत नाहीत. तिने अट घातली. या गावात यापुढे कुणी कुणाला हाताने बोलवायचं नाही. माणूस हवा असेल तर उठायचं, त्याच्यापर्यंत जायचं आणि त्याचा हात धरायचा. ही भक्ती नव्हे. ही गावाला झालेली शिक्षा आहे, आणि ती अजून संपलेली नाही.

आजही नारळी पौर्णिमेला, होड्या दर्यात सुटायच्या आधी, खोताच्या घरातला कर्ता पुरुष देवळापासून आमच्या दारापर्यंत चालत येतो आणि उंबऱ्याच्या दगडावर आपला उजवा हात ठेवतो. आमच्या घरातली बाई तो उचलते. मग होड्या सुटतात. बोलायचं कुणी काही नसतं. पण गेली काही वर्षं हाताऐवजी नारळ ठेवायची पद्धत पडली होती. कमिटीने म्हणे ठरवलं, ते शोभून दिसतं, फोटोही चांगला येतो. माझ्या सासूने चालवून घेतलं. त्या गेल्यावर गेल्या वर्षी दाराशी मी बसले.

वसंता खोत सोवळं नेसून आला. तो आणि मी शाळेत एका वर्गात होतो, माणूस वाईट नाही. त्याने जरीच्या कापडात बांधलेला नारळ दगडावर ठेवला आणि हात जोडून उभा राहिला. मी हलले नाही. खाली वाजंत्री थांबली. इंजिनं सुरू करून ठेवलेल्या होड्या तशाच धडधडत राहिल्या.

"घे गो, सुगंधा," तो हळूच म्हणाला. "लोक बघतत."

"बघूंदेत," मी म्हटलं.

ऊन वर आलं. कमिटीचा अध्यक्ष खालून मला हाताने काहीतरी खुणावू लागला, आणि मग कुठे उभा आहे हे लक्षात येऊन त्याने हात खिशात घातला. वसंता घामाने भिजला होता. त्याने नारळ उचलून बाजूला ठेवला, गुडघे दुखत असूनही वाकला, आणि आपला उजवा हात, घड्याळासकट, दगडावर ठेवला. 

मी तो उचलला. पण लगेच नाही.